सात-पाच-दोन-तीन

"काटा बोलंना झालाय," शहानूरभाई फोनवर म्हणाले.
काटा बोलतच होता.
लाल आकड्यांत पंधरा किलो दोनशे चाळीस
स्वच्छ उभे होते त्याच्या तोंडावर.
ऐकत नव्हता तो लॅपटॉप.

रात्रीचे साडेनऊ. तासगाव, मणेराजुरी रस्ता,
कोल्ड स्टोरेजची चौथी खोली.
आत चार अंश, बाहेर मार्च.
बिरुदेवाचा स्वेटर घालून मी बेदाण्याच्या खोक्यावर,
आणि मांडीवर हे यंत्र,
ज्यात मागच्या महिन्यात मीच लिनक्स घातलं.
म्हणजे दोष कुणाचा, ते मी येण्याआधीच ठरलेलं.
"आधी चालत हुतं," बसगोंडा एवढंच म्हणाला
आणि खोक्यांवर खडूनं वजनं लिहीत राहिला.
सकाळी सौदा.

केबल काढली, घातली.
दुसऱ्या पोर्टात घातली.
टोक फुंकलं;
कितीही शिकलेला माणूस शेवटी टोक फुंकतोच.
मग कर्नलचा लॉग उघडला.

केबल आली, असं लिहिलं होतं.
ड्रायव्हरनं तिला ओळखलं, नाव दिलं, जागा दिली.
आणि पुढच्याच ओळीत,
सेकंदही उलटला नव्हता,
दुसऱ्या कुणीतरी तिचा हात धरला
आणि ड्रायव्हरचा सुटला.
परत लावली. परत तेच.
त्याच दोन ओळी, त्याच क्रमानं,
जणू रोज उठून तेच भांडण.

हा दुसरा कोण, ते शोधायला तास गेला.
चहा आला, त्यावर साय धरली.
सापडला तेव्हा मला रागच येईना.
अंधांसाठीचा प्रोग्रॅम होता.
पडद्यावरची ओळ उचलायची
आणि ब्रेलच्या यंत्रावर टिंबाटिंबांत उभी करायची, एवढंच त्याचं काम.
लॅपटॉप सुरू झाल्यापासून
दाराशी बसून होता, कुणी बोलावलं नसताना.

आमच्या केबलीतल्या चिपचा नंबर सात-पाच-दोन-तीन.
कुठल्याशा ब्रेल यंत्रातही तीच चिप, तोच नंबर.
आमच्या कसबे डिग्रजात दोन इरगोंडा पाटील होते.
एकाचं विजेचं बिल दुसऱ्यानं तीन महिने भरलं
आणि वर तक्रार, की औंदा लाईट लई जळतीया.
तसंच हे.
काटा सांगत होता पंधरा दोनशे चाळीस
आणि हा त्या आकड्यांत
बोटं शोधत होता.

"मग काढून टाक की," शहानूरभाई म्हणाले.
खरंच, एक आज्ञा, एक पासवर्ड, आणि घरी.
"हितं कोण आंधळं येणाराय?" बसगोंडा म्हणाला.
उत्तर नव्हतं माझ्याकडं.
फक्त निवडायला बसणारी तानूबाई ऐवळे आठवली,
डोळ्यात सारा वाढलेला,
मुकादमाला सांगत नाही;
काडी, खडा, देठ,
बोटाला लागतो तिच्या.
ती काही लॅपटॉप उघडणार नाही.
माहीत आहे मला.

तरी प्रोग्रॅम राहू दिला.
नियमांच्या फाइलीत उतरले,
सात-पाच-दोन-तीनची एकच ओळ शोधली,
पुसली नाही,
तिच्या तोंडाशी एक चिन्ह ठेवलं,
म्हणजे यंत्र ती वाचतं आणि पुढं जातं.
पुढचं अपडेट आलं की कदाचित ती परत जागी होईल.
होऊ दे. परत येईन.
स्वेटर तेवढा आपला आणीन.

केबल लावली.
लॉगमध्ये एकच ओळ.
दुसरीची वाट बघितली. आली नाही.
पडद्यावर पंधरा दोनशे चाळीस,
पंधरा दोनशे चाळीस, पंधरा दोनशे चाळीस,
साडेनऊपासून तेच खोकं काट्यावर विसरलेलं.
बिरुदेवानं ते उतरवलं. शून्य.

शहानूरभाईंचा विश्वास बसेना.
त्यांनी तळहात ठेवला काट्यावर,
पाचही बोटं पसरून,
आणि पडद्याकडं बघत राहिले.
एक किलो आठशे.
"हाताचं एवढं?"
दाबताय तुम्ही, म्हटलं.
दाबू नका.